डोंगरातलं घर सगळ्या ऋतूंत उघडा, नाहीतर विकून टाका

बर्फ पडणाऱ्या डोंगरात वडिलोपार्जित घर असलेल्या आमच्या ओळखीच्या बहुतेक कुटुंबांत सध्या एकच वाद चालू आहे: घर ठेवायचं की विकायचं? आजोबांच्या पिढीने बांधलेलं, मग मुलांमध्ये वाटलं गेलेलं आणि आता नातवंडांच्या नावावर येऊ घातलेलं घर. एक जण हिशोब मांडतो की वर्षाला मोजक्या रात्री राहण्यासाठी एवढी डागडुजी कशाला, तेवढ्या पैशांत उत्तम हॉटेल मिळेल. दुसऱ्याचे डोळे तेवढ्यानेच भरून येतात. आणि मग वर्षभर त्या घराचं दार कुणीच उघडत नाही.

माझं मत सांगते. नुसतं सुट्टीपुरतं उघडायचं असेल तर घर खुशाल विका. ठेवायचं असेल, तर प्रत्येक ऋतूतला निदान एक शनिवार-रविवार त्याला द्यायला हवा, आणि त्यातही ज्या वीकेंडला कुणाला यावंसं वाटत नाही तो आधी.

उन्हाळ्याबद्दल मला फारसं बोलायचं नाही. दर हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, त्यामुळे खाली उकडायला लागलं की सगळ्यांनाच घर आठवतं. गाद्या पुरत नाहीत, पोरं ओसरीवर झोपतात. छान असतं ते. पण त्या गर्दीत घराची ओळख होत नाही.

ओळख होते ती थंडीच्या तोंडावर, घर बंद करायच्या वीकेंडला. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पाइपात पाणी राहिलं तर पाइप थंडीत तडकतो, पण कळतं बर्फ वितळायला लागल्यावर, कारण तोवर आतल्या बर्फानेच भेग बुजवलेली असते. तोवर घरात कुणी नसेल तर जमीन, भिंती, गाद्या सगळं भिजून जातं. म्हणून पाणी उतरवायचं, आणि क्रमाने उतरवायचं. आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद. मग गीझरची वीज बंद, कारण ती चालू ठेवून टाकी रिकामी केली तर आतली कॉइल कोरडी तापून जळते. मग घरातला सगळ्यात वरचा नळ उघडायचा म्हणजे पाइपात हवा शिरते, आणि सगळ्यात खालचा उघडायचा म्हणजे पाणी पडून जातं. कमोडची टाकी उपसायची. शेवटी राहतो बेसिनखालचा वाकडा पाइप. त्यात पाणी ठेवलं तर ते गोठतं आणि काढून टाकलं तर मोरीचा वास घरभर पसरतो. त्यासाठी प्रोपिलीन ग्लायकॉलचं न गोठणारं द्रावण मिळतं, ते ओतायचं. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते सहसा वेगळं आणि विषारी असतं, ते इथे चालत नाही.

आमच्याकडे हे सगळं आत्या करायची. दातांत टॉर्च धरून ती बेसिनखाली आडवी व्हायची आणि नळातून शेवटचा खरखर आवाज येईपर्यंत कुणाला बोलू द्यायची नाही. पाणी संपून हवा यायला लागली की तो आवाज बदलतो. तो बदल तिने आम्हा सगळ्या भावंडांना एकेक करून ऐकवला, कान नळाला लावून. ट्रेकला नेलं, दऱ्या दाखवल्या, तेही आठवतं. पण त्या घरावर आपला हक्क आहे असं मला वाटतं ते त्या नळापाशी बसल्यामुळे, सातबाऱ्यासारख्या एखाद्या कागदावर नाव आहे म्हणून नाही.

हिवाळ्यात जाता येत असेल तर जरूर जा. दऱ्यांत थंड हवा साचून खाली धुकं दाटलेलं असताना वर लख्ख ऊन पडलेलं असतं, हे अनेक डोंगराळ भागांत दिसतं. त्याच फेरीत छपराकडेही बघून घ्या. भुरभुरीत ताज्या बर्फाचं वजन एका घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो भरतं, जुन्या भिजलेल्या बर्फाचं ३०० किलोंच्याही पुढे जाऊ शकतं. वरून दोन्ही सारखेच पांढरे.

आणि सरपण. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, थोडं लांबेल. लाकूड आज फोडलं आणि आज जाळलं असं होत नाही. ओलावा २० टक्क्यांच्या खाली यायला हवा, आणि कठीण लाकडाला त्यासाठी वर्ष-दोन वर्षं लागतात. ओलं लाकूड आधी आपलंच पाणी उकळवण्यात उष्णता घालवतं, धूर थंड राहतो, आणि त्यातलं डांबरासारखं काजळ धुराड्याच्या आतून चिकटत जातं. त्यालाच पुढे आग लागते. म्हणजे या वसंतात फोडून रचलेली लाकडं पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या थंडीत कुणीतरी जाळणार. रचतानाही जमिनीपासून उचलून, वरून झाकून आणि बाजू मोकळ्या ठेवून. ताडपत्रीने चारी बाजूंनी गुंडाळली की ती आतल्या आत कुजतात. ज्या कुटुंबात दोन वर्षांनंतरची लाकडं आज कुणी रचतंय, तिथे घर विकायचा विषय निघतच नाही, असं मी पाहिलंय.

वसंतातली पहिली फेरी सगळ्यात कष्टाची. बोटभर रुंदीच्या भेगेची गरज नसते, सहा-सात मिलीमीटरच्या फटीतूनही उंदीर आत येतो. त्याच्या लेंड्या दिसल्या की हातात झाडू घ्यायचा नाही. काही जातींच्या उंदरांपासून हंताव्हायरस होऊ शकतो आणि तो धुळीबरोबर श्वासात जातो. दारं-खिडक्या उघडून निदान अर्धा तास बाहेर थांबायचं, मग हातमोजे घालून जंतुनाशकाने जागा भिजवायची आणि ओल्या कपड्याने पुसून घ्यायची. फटीत स्टील वूल कोंबायची. पहिला जाळ पेटवण्याआधी धुराड्यात पक्ष्यांनी घरटं केलं नाही ना, ते बघायचं. धूर अडला तर कार्बन मोनॉक्साइड घरात भरतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याचा अलार्म बसवा, बॅटरी तपासा, यात चालढकल नको.

आता कुणी म्हणेल, एवढी कामं करायला सुट्टीला जायचं? हो, जायचं. शहरातल्या घरात आपण एकमेकांना जेवताना भेटतो. इथे काका छपराच्या पन्हळीतला पाला काढत असतो आणि शिडी धरून उभ्या असलेल्या पुतण्याशी तासभर बोलत असतो. समोरासमोर बसवलं असतं तर त्या पोराने एक शब्द काढला नसता. मुलांना आपण तिथे नेतो आणि पाहुण्यांसारखं वागवतो, हे मला पटत नाही. दहा वर्षांच्या मुलाला मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते माहीत असायला हवं. बारा वर्षांच्या मुलीला चूल पेटवता यायला हवी.

‘वापरत नाही तर भाड्याने द्या’ हा सल्लाही सर्रास दिला जातो. हिशोब बसतो, नाकारत नाही. पण भाड्याचं घर वर्षभर पाहुण्यांसाठी सज्ज ठेवावं लागतं. भिंतीवरच्या उंचीच्या खुणांवर रंग चढतो, आजीचं कपाट अडगळ होतं, आणि आपल्याच घरी जायला तारखा बघाव्या लागतात. दुसरीकडे, बंद घरांचा त्रास गावालाही होतो. स्वित्झर्लंडमध्ये २०१२ साली लोकांनी मतदान करून कुठल्याही गावात दुय्यम, म्हणजे सुट्टीपुरत्या वापरायच्या घरांचं प्रमाण २० टक्क्यांवर जाऊ नये असा निर्णय घेतला. बंद खिडक्यांच्या रांगांमुळे गावं ओस पडतात आणि तिथल्या तरुणांना घर परवडत नाही, हे त्यामागचं एक दुखणं होतं. आपलं कुलूप लागलेलं घर शेजाऱ्यांना काय वाटत असेल, याचा विचार आपणही करायला हवा. वर्षातून अनेकदा दिवा लागला तर निदान ओळख राहते.

म्हणून ज्यांच्याकडे हा वाद चालू आहे त्यांना एक सुचवते. वाटणीची बैठक शहरात कुणाच्या हॉलमध्ये घेऊ नका, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नकोच. घर बंद करायच्या वीकेंडला सगळ्यांना वर बोलवा, विकायचं म्हणणाऱ्यांना आधी. शनिवारी कामं वाटून घ्या, पाणी उतरवा, लाकडं रचा. रविवारी दुपारी निघायच्या आधी बसून ठरवा. तेव्हाही विकायचंच ठरलं तर माझा काहीच आक्षेप नाही. आमच्या भावंडांची बैठक यंदा तशीच ठरली आहे, आणि बेसिनखाली कोण जाणार यावरून आत्तापासूनच भांडणं सुरू झाली आहेत.