अडेनियमचा घात तहानेनं नाही, ओलीनं होतो

ताई, तुमची प्रतिक्रिया रागाची असली तरी मुद्द्याची आहे. ‘कमी पाण्याचं झाड म्हणून अडेनियमचं कौतुक केलंत, आम्ही मिरजेत अंगणात लावलं तर ऑगस्टात बुडापासून कुजलं. वर ते विषारी! दुष्काळी भागात असले चोचले कशाला?’ असं तुम्ही विचारलंय.

आधी कुजण्याचं. अडेनियम हे जाड बुंध्याचं शोभेचं फुलझाड मूळचं आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यातलं आणि अरबस्तानातलं. खडकाळ जमीन, पडलेलं पाणी लगेच वाहून जाणार, म्हणून मिळेल तेवढं ते बुंध्यात साठवतं. बुंधा भरलेला असताना मुळं दिवसेंदिवस ओलीत राहिली, की त्यांना हवा मिळत नाही आणि बुरशी शिरते. मिरजेकडची काळी माती उसाला, हळदीला सोन्यासारखी, पण ती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात तिथं निचरा होणार कसा?

म्हणून काळ्या रानात ते कुंडीतच लावावं, यावर मी ठाम आहे. कुंडी उथळ, पसरट, खालचं भोक मोठं. निम्म्याहून जास्त जाड वाळू, बारीक मुरूम किंवा विटांचे तुकडे, बाकी चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी माती. मिरगाच्या आधी कुंडी पावसाच्या माऱ्यातून हलवायची, पण ऊन मिळालं पाहिजे. पाणी घालण्याआधी बुंधा अंगठ्यानं दाबून बघा. टणक लागला तर थांबायचं, किंचित दबला आणि माती पार सुकलेली असेल तर घालायचं. पिलपिलीत लागला, पाणी सुटलं, तर ती कूज. थंडीत पानं पिवळी पडून गळतात, तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका.

विषाचं म्हणणं खरं आहे. ते कण्हेरीच्याच कुळातलं. आफ्रिकेत शिकारी त्याचा रस बाणांना लावत. छाटताना हातमोजे घाला, चीक डोळ्यांत, तोंडात जाऊ देऊ नका. लहान मूल किंवा शेळी पोहोचेल तिथं ते लावूच नये. कण्हेर मात्र आपण पिढ्यानपिढ्या दारात जपतो, तेवढीच खबरदारी इथंही पुरते.

‘चोचले’ हा शब्द मला लागला. एकाच सांगली जिल्ह्यात शिराळ्याला धो धो पाऊस आणि जत-आटपाडीला उन्हाळ्यात टँकरची वाट. तिथल्या बाईनं दारात फूल बघूच नये का? हिरवळीला रोज पाणी लागतं, हे झाड भर उन्हात थोडक्या पाण्यावर फुलतं. दुष्काळी गावात शोभेचं लावायचंच, तर असंच लावावं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत वरच्या दोन फांद्या अजून टणक दिसतात. कूज तिथवर चढायच्या आत त्या कापा. काप पांढरा, स्वच्छ दिसेपर्यंत मागे या, सावलीत आठवडाभर सुकू द्या आणि कोरड्या वाळूत खोचा. मुळं फुटली तर झाड वाचेल, मात्र बियांच्या रोपासारखा गरगरीत बुंधा त्याला सहसा येत नाही.