शून्य रुपयांची पट्टी आणि 'रेस्क्यू एक्सेप्शन'

"प्रॉडक्शनमध्ये प्रोग्रॅम पडता कामा नये, म्हणून प्रत्येक मेथडमध्ये 'रेस्क्यू एक्सेप्शन' टाका." रुबी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्या पोरांमध्ये फिरणारा हा सल्ला सांगलीतही कानावर येतो. प्रॉडक्शन म्हणजे गिऱ्हाइकाकडे प्रत्यक्ष चालू असलेला प्रोग्रॅम, मेथड म्हणजे प्रोग्रॅममधला एका कामाचा तुकडा, आणि 'रेस्क्यू एक्सेप्शन' म्हणजे चालताना उठलेली कुठलीही चूक पकडणारी ओळ. त्यामागची कारणं तपासू.

पहिलं कारण: प्रोग्रॅम पडला नाही की गिऱ्हाइकाचं नुकसान नाही. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्याला पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायचे विक्रीचे हिशेब) छापून देणारा प्रोग्रॅम घ्या. दर आणणाऱ्या ओळीत मेथडचं नाव चुकलं, नोमेथडएरर ('अशी मेथडच नाही' ही चूक) उठला, रेस्क्यूने तो गिळून दर शून्य धरला. प्रोग्रॅम मजेत चालू, शेतकऱ्याच्या हातात शून्य रुपयांची पट्टी! तो पडला असता तर अडत्याने लगेच फोन केला असता. नुसतं 'रेस्क्यू' लिहूनही हे टळत नाही, कारण नेमएररमार्फत नोमेथडएरर हा स्टँडर्डएररचाच (नुसतं 'रेस्क्यू' ज्या गटातल्या चुका पकडतं त्याच्या मूळ वर्गाचा) नातू लागतो. म्हणून बिगिन (जिथून चुका पकडायला सुरुवात होते ती ओळ) आणि रेस्क्यूमध्ये जी ओळ खरोखर बिघडू शकते तेवढीच ठेवावी.

दुसरं: नुसतं रेस्क्यू आणि रेस्क्यू एक्सेप्शन सारखंच. साफ चूक. नुसतं रेस्क्यू स्टँडर्डएरर आणि त्याखालचंच पकडतं. इंटरप्ट (कंट्रोल-सीने थांबवणं), सिस्टिमएक्झिट (प्रोग्रॅम बंद करणं), नोमेमरीएरर (मेमरी संपणं) मुद्दाम त्याबाहेर ठेवलेत. लूपमध्ये एक्सेप्शन पकडलं की कंट्रोल-सी दाबत बसा, प्रोग्रॅम थांबत नाही. सर्व्हिस थांबवताना सिस्टिमडीने (लिनक्सवर सर्व्हिसेस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमने) पाठवलेला टर्म, म्हणजे 'बंद हो' हा सिग्नलही गिळला जातो. मग वेगळं काही ठरवलेलं नसेल तर सिस्टिमडी ९० सेकंद थांबून थेट किल करतं, आणि एन्शुअरमधली (शेवटी चालणाऱ्या भागातली) आवराआवर राहून जाते.

तिसरं: नेटवर्कच्या चुकांची यादी पाठ कोण करणार, त्यापेक्षा सगळंच पकडा. हे रास्त आहे. पण सिस्टिमकॉलएरर, सॉकेटएरर, टाइमआउट एरर, आयओएरर आणि एसएसएलएरर या पाच नावांत बहुतेक यादी संपते. ती एका कॉन्स्टंटमध्ये (न बदलणाऱ्या नावाखाली) ठेवा. रुबी १.८ मध्ये टाइमआउट एरर इंटरप्टखाली होता, नुसत्या रेस्क्यूला सापडायचा नाही. १.९ पासून ती अडचण उरली नाही, तरी जुना कोड कॉपी होतोच.

चौथं: पकडलेली चूक लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदींत) येतेच की. रोज तो वाचणारा कुणी असेल तर ठीक.

मोठं जाळं लागतं ते एकाच जागी, सगळ्या पट्ट्या फिरवणाऱ्या सर्वांत बाहेरच्या लूपमध्ये. तिथे स्टँडर्डएरर पकडा, बॅकट्रेससकट (चूक कुठल्या ओळींतून आली त्या यादीसकट) नोंदवा, ती पट्टी न छापता 'अडकलेली' म्हणून अडत्याला दाखवा आणि पुढची घ्या. एक्सेप्शनच पकडायचा असेल तर नोंद झाल्यावर नुसत्या 'रेज'ने परत फेका.