सायरसच्या दंडगोलात ज्यू नाहीतच

‘पर्शियाच्या, म्हणजे आजच्या इराणच्या, सायरस बादशहाने इ.स.पू. ५३९मध्ये बॅबिलॉन जिंकून मानवी हक्कांचा जगातला पहिला जाहीरनामा काढला. त्यात गुलामगिरी बंद केली, सगळ्या ज्यूंना मायदेशी धाडलं. पर्शियन राज्यात कुणाच्या देवळाला धक्का लागला नाही.’ मातीच्या दंडगोलाच्या फोटोसह हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून येतोच. बॅबिलॉन जिंकल्याचं साल बरोबर आहे.

तो दंडगोल १८७९मध्ये बॅबिलॉनच्या उत्खननात सापडला. एरवी तो ब्रिटिश म्युझियममध्ये असतो, पण २०१३च्या डिसेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही आला होता. जेमतेम वीतभर लांब, वर अक्कादी या बॅबिलॉनच्या जुन्या भाषेतल्या ४५ ओळी. त्यांत ज्यूंचं नाव नाही, जेरुसलेमचंही नाही. बॅबिलॉनचा आधीचा राजा नबोनिडस किती पापी, म्हणून तिथल्या मार्दुक देवाने सायरसला कसं निवडलं, हे मात्र भरपूर आहे. मूर्ती आणि माणसं परत पाठवल्याचा उल्लेख आहे, पण ती गावं मेसोपोटेमियातली (आजचा इराक) आणि आसपासची. गुलामगिरी बंद केल्याचं वाक्य त्यात शोधूनही सापडणार नाही. मानवी हक्कांचं बिरुद गाजवलं ते इराणच्या शहांनी, १९७१च्या शाही सोहळ्याच्या निमित्ताने.

मग बॅबिलॉनच्या राजाने पूर्वी धरून आणलेल्या ज्यूंना परतायची मुभा मिळाल्याचं येतं कुठून? बायबलमधून. एझ्राच्या ग्रंथात सायरसचं फर्मान आहे, यशयाच्या ग्रंथात तर त्याला देवाचा अभिषिक्त म्हटलंय. लोक परतले आणि पुढचा पर्शियन राजा दारियसच्या काळात, इ.स.पू. ५१५च्या सुमारास, जेरुसलेमचं मंदिर पुरं झालं. मूळ गोष्ट अगदीच हवेतली नाही, पण दंडगोलाच्या गळ्यात बांधायची गरज नाही.

‘सगळे’ मात्र परतले नाहीत. बॅबिलोनियात ‘यहूदा नगर’ नावाचं गाव होतं. तिथल्या मातीच्या लेखपाट्यांवर ज्यू नावांचे लोक सायरसनंतरही शेती करताना, सारा भरताना दिसतात. निप्पूरच्या मुराशू या सावकारी पेढीच्या दप्तरातही, म्हणजे शंभर वर्षांनंतर, ज्यू कुळं आहेतच. जमलेला संसार सोडून पडक्या जेरुसलेमला कोण जाणार?

गुलामगिरीचं उत्तर इजिप्तमध्ये आहे, नाईलमधल्या एलेफंटाइन बेटावर (आपली घारापुरी नव्हे). तिथे पर्शियन लष्कराच्या चाकरीत ज्यू शिपाई होते. इ.स.पू. ४४९मध्ये तिथल्या ज्यू देवळातल्या अनन्याने तामेत नावाच्या दासीशी लग्न केलं, त्याचा करारनामा उरलाय. तामेत ही मशुल्लाम या ज्यू गृहस्थाच्या मालकीची. त्याने तिला आणि तिच्या मुलीला मुक्त करण्याचा दस्त केला तो थेट इ.स.पू. ४२७मध्ये. तोही आपल्या मृत्यूनंतर लागू होणारा, वर अट अशी की दोघींनी त्याची आणि पुढे त्याच्या मुलाची सेवा करायची. हे सगळं पर्शियन अमलात, रीतसर साक्षीदारांच्या सह्यांनिशी. खुद्द यहूदात, म्हणजे जेरुसलेमच्या मुलखात, बायबलमधल्या नहेम्याच्या ग्रंथानुसार, राजाचा कर भरायला लोक शेतं गहाण टाकत होते, पोटची पोरं दास्यात देत होते.

राहिला देवळांचा मुद्दा. याच बेटावरचं ज्यूंचं देऊळ इ.स.पू. ४१०मध्ये ख्नूम या इजिप्शियन देवाच्या पुजाऱ्यांनी पाडलं, आणि त्यांना साथ होती विद्रंग या पर्शियन अधिकाऱ्याची. तीन वर्षांनी ज्यूंनी यहूदाचा सुभेदार बगोही याच्याकडे अर्ज केला. देऊळ बांधा, धान्य आणि धूप वाहा, असं उत्तर आलं. अर्जात पशुबळीचीही मागणी होती, उत्तरात तिचा उल्लेखच नव्हता.