ड्रमच्या साइझवरून हेडची जाडी ठरत नाही, तो तक्ता पुढे पाठवणं थांबवा

ड्रम शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक तक्ता फिरतोय. वर ठळक अक्षरात "ड्रम जेवढा मोठा तेवढं हेड जाड" (हेड म्हणजे ड्रमवर ताणलेला प्लास्टिकचा पडदा), खाली हिशेब मांडलाय: 8 आणि 10 इंची टॉमला (वायर नसलेला साधा ड्रम) 7 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), 12 ला 10, 14 ला 12, 16 ला 14 आणि 22 इंची किकला (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) 20. त्याखाली चार नियम, की वरचं आणि खालचं हेड एकाच जाडीचं हवं, स्नेअरलासुद्धा (ज्याच्या खालच्या हेडला बारीक वायरी लावलेल्या असतात तो ड्रम), नाहीतर खालचं फाटतं; जाड हेडचा आवाज मोठा; जाड हेडने ड्रम खर्जात जातो; आणि दुपदरी हेड एकदा लावलं की बदलायची कटकट नाही. असल्या गोष्टी मी एरवी सोडून देते, पण माझ्या भाच्याने हे वाचून स्नेअरच्या खालच्या बाजूला 12 मिलचं बॅटर हेड, म्हणजे काठी मारायचं वरचं हेड, चढवलं आणि मग मला फोन, "मावशी, वायर ताणून ताणून दमलो, स्नेअर टॉमसारखा वाजतोय." वाजणारच. म्हणून आता एकदाचं लिहितेच.

स्नेअरपासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त वाट तिथेच लागते. स्नेअरच्या खालचं हेड ही वेगळीच वस्तू आहे, त्याला स्नेअर साइड म्हणतात आणि हेडवर तसं छापलेलंही असतं. वरचं नेहमीचं हेड 10 मिल, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. खालचं बहुतेक वेळा 3 मिल, म्हणजे वरच्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही पातळ. हातात घेतलं तर इतकं हलकं लागतं की नवशिक्याला वाटतं माल खराब निघाला. खराब नाहीये ते, मुद्दाम तसं बनवलंय.

कारण त्याच्यावर काठी कधी पडतच नाही. त्याचं काम एवढंच, की वर टोला पडला की शेलमधली, म्हणजे ड्रमच्या पोकळ अंगातली, हवा खाली ढकलली जाते, त्या हवेने ते हलायचं आणि त्याला चिकटून असलेल्या वायरींना उडवायचं. आता घोस्ट नोट आठवा, काठी जेमतेम इंचभर उचलून ठेवल्यासारखी टेकवतो आपण, त्यातून खाली पोचणारी हवा ती केवढी. तेवढ्यावर 3 मिलची फिल्म हलते, 12 मिलची ढिम्म हलत नाही. मग जोरात मारलं तरच वायर बोलतात, हळू वाजवलं की नुसता ठोका, बझ रोल (काठ्या दाबून काढलेला सलग खर्र आवाज) तर विसराच. आणि पोरं काय करतात, वायर वाजत नाहीत म्हणून स्ट्रेनर, म्हणजे वायर ताणायची कळ, अजून आवळतात, त्याने वायर हेडला घट्ट दाबल्या जातात आणि उरलासुरला आवाजही गुदमरतो. शिवाय स्नेअरच्या खालच्या कडेला जिथून वायर जातात तिथे समोरासमोर दोन उथळ खोलगट भाग केलेले असतात, स्नेअर बेड. पातळ फिल्म त्या उताराबरोबर वळते आणि वायर तिच्यावर सपाट बसतात. जाड हेड तिथे नीट बसत नाही, मग वायर एका बाजूने उचललेल्या राहतात आणि नको तेव्हा खरखरतात.

आता "फाटतं" हे. फाटतं की, पण कशाने ते बघा ना. वायरीचं टोक वाकून हेडमध्ये रुततं, नाहीतर स्टँडचा हात खालून घुसतो, नाहीतर ड्रम उलटा ठेवलेला असताना वर काहीतरी पडतं. वायर बसवताना टोकं तपासा आणि स्टँडवर ठेवताना खाली वाकून बघा, एवढ्यावर भागतं. फारच जोरात वाजवणारे असाल तर 5 मिलचं स्नेअर साइड हेड मिळतं ते लावा, पण स्नेअर साइडच. बॅटर हेड खाली नाही म्हणजे नाही.

वर-खाली एकच जाडी हा नियम टॉमलाही लागू नाही. वर दुपदरी आणि खाली 10 मिलचं एकपदरी क्लिअर ही अगदी नेहमीची जोडी आहे, खालचं हेड मोकळं हललं तर सस्टेन राहतो, म्हणजे आवाज रेंगाळतो, म्हणून.

मग तो साइझचा तक्ता. तो खोडायला ड्रमकिटकडे नुसतं बघितलं तरी पुरे. 14 इंची स्नेअर आणि 14 इंची फ्लोअर टॉम, व्यास तोच, तक्त्याप्रमाणे दोघांना सारखंच हेड हवं. कुणी लावतं का? स्नेअरवर बहुतेक 10 मिल कोटेड (वर खरखरीत थर दिलेलं), फ्लोअर टॉमवर बऱ्याचदा दुपदरी. काम वेगळं म्हणून हेड वेगळं. आणि 22 इंची किकला म्हणे 20 मिल! रेमो कंपनीचं पॉवरस्ट्रोक 3, जे कितीतरी किक ड्रमवर दिसतं, ती 10 मिलची एकपदरी फिल्म आहे आणि कडेला खालून एक पातळ रिंग. इव्हान्सचं ईमॅड, तेही 10 मिल. म्हणजे किटमधल्या सगळ्यात मोठ्या ड्रमवर तीच जाडी जी रेमो अँबॅसिडर लावल्यावर छोट्या टॉमवर असते. आणि 20 मिलचं हेड खरोखर हवंच असेल तर रेमोचं एम्परर एक्स आहे, 10 मिलचे दोन पदर, आणि ते बनवलंय स्नेअरसाठी. ज्याने तक्ता केला त्याने कंपन्यांची माहिती एकदा उघडूनही बघितलेली नाही.

यामागचं गणितही जुनं आहे. लॉर्ड रेली यांच्या 1877 च्या थिअरी ऑफ साउंडमध्ये ताणलेल्या पडद्याचं सूत्र दिलेलं आहे आणि आजही तेच शिकवतात. स्वर तीन गोष्टींवर ठरतो: व्यास, ताण आणि फिल्मचं दर क्षेत्रफळामागचं वजन. व्यास दुप्पट केला तर स्वर निम्मा, ताण चौपट केला तर स्वर दुप्पट. आता 10 इंची आणि 16 इंची टॉम घ्या, दोघांवर एकच हेड, ताणही सारखाच. कंपनसंख्येत 1.6 पट फरक पडतो, म्हणजे साधारण आठ सेमीटोन, सा ते कोमल ध. टॉम्समध्ये एवढं अंतर असलं की फिल (टॉमवरून फिरत जाणारा छोटा तुकडा) अगदी ऐसपैस वाजतो आणि हे अंतर नुसत्या साइझने मिळालं, जाडीला हातही लावलेला नाही. म्हणून तर सगळ्या टॉमवर एकच मॉडेल लावणारे इतके ड्रमर आहेत आणि त्यांचे किट छान वाजतात.

जाड हेडने ड्रम खर्जात जातो, यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. ताण तोच ठेवून 10 मिलच्या जागी 14 मिल लावलं तर कागदावर स्वर जवळपास तीन सेमीटोन उतरतो, प्रत्यक्षात थोडा कमी कारण हेडबरोबर आतली-बाहेरची हवाही हलवावी लागते. पण ताण तोच ठेवतं कोण? ड्रम की (ताणायची चावी) घेऊन आपण कानाला हवा तो स्वर येईपर्यंत फिरवतोच की. फरक राहतो तो हाताला, कारण त्याच स्वरासाठी जाड हेडला जास्त ताण लागतो. 16 इंची फ्लोअर टॉम अगदी खाली ट्यून करायचा असेल तर एकपदरी हेड ढिलं पडून कडेला सुरकुत्या येतात, तिथे दुपदरी ताठ राहतं. आणि 8 किंवा 10 इंची टॉमवर दुपदरी लावलं तर काही वेळा आवाज लवकर मरतो, हेही खरं. म्हणून लहान टॉमला एकपदरी आणि फ्लोअरला दुपदरी ही निवड चांगलीच आहे. पण ती निवड आहे, इंचाला अमुक मिल असा नियम नव्हे.

आणि नुसता मिलचा आकडा बघून कळतं तरी काय? इव्हान्स जी14 एकपदरी 14 मिल, इव्हान्स जी2 हे 7 मिलचे दोन पदर, म्हणजे एकूण तेही 14 च. तक्त्यात दोन्ही एकाच रकान्यात येतील. वाजवून बघा, जी2 चे दोन पदर एकमेकांवर घासतात आणि वरचे ओव्हरटोन (मूळ स्वराबरोबर उमटणारे बारीक सूर) लवकर विझतात, टोला आखूड आणि गोल येतो. जी14 एकसंध फिल्म, ती जास्त वेळ गुंजते. त्यात कोटिंग, मधला डॉट, कडेची रिंग या सगळ्यांनी आवाज बदलतो तो वेगळाच.

जाड म्हणजे मोठा आवाज, हे तर उलटंच. जड फिल्म हलवायला जास्त जोर लागतो, हळू वाजवणाऱ्याला ती मुकी वाटते. जोरात वाजवणाऱ्याच्या हाताखाली पातळ हेडला खड्डे पडतात म्हणून तो जाड घेतो, एवढाच संबंध.

राहिलं दुपदरी टिकण्याचं. एकपदरीपेक्षा जास्त टिकतं, कबूल, पण मायलर आहे ते, मार खाऊन ताणलं जातंच. लगजवळ (कडेला जिथे ताणायचे स्क्रू बसतात) टिचकी मारून सगळे रॉड, म्हणजे ते स्क्रू, जुळवले तरी थोड्या वेळात एखादा लग उतरत असेल, मध्यावरचं कोटिंग उडून गुळगुळीत झालं असेल, तर हेड उतरवा आणि तिरप्या उजेडात धरा. मध्यभागी खळगा दिसला तर ते संपलं, मग पदर एक असो की दोन. आणि उतरवलंच आहे तर बेअरिंग एजवरून, म्हणजे शेलच्या ज्या कडेवर हेड टेकतं तिच्यावरून, सगळीकडे बोट फिरवून घ्या, तिथे खाच पडलेली असेल तर कुठल्याही जाडीचं नवं हेड नीट ट्यून होणार नाही.