वास्तुशांतीला 'वनवास'

पुस्तकं मी आपणहून नेली नव्हती. चुलत बहिणीनं फोन करून सांगितलं होतं, "पोरगी एसएसएलसी झाली. आता सुट्टीत मोबाइल सोडून काहीतरी चांगलं वाचंल असं बघ की. तुला कळतंय त्यातलं." एसएसएलसी म्हणजे आमच्या कर्नाटकातली दहावी. गेल्या रविवारी बेळगावच्या वडगावात तिच्या नव्या घराची वास्तुशांत आणि भाचीचा सत्कार असं दोन्ही एकाच मांडवात, एकाच जेवणावळीत उरकायचं होतं. तिथं मी तीन पुस्तकं चकचकीत कागदात बांधून गेले आणि 'वह्या देणारी अक्का' होऊन परत आले. अजूनही भाजीला गेलं की कुणीतरी विचारतं, "वह्या तुम्हीच दिला न्हवं?"

पत्रिकेवर 'आपली उपस्थिती हाच आहेर' असं छापलेलं होतं. आमच्याकडं हे वाक्य श्रीगणेशाय नमः-च्या जोडीला छापतात, त्याचा अर्थ कुणी लावत नाही. मांडवाच्या तोंडाशीच टेबल, टेबलावर लाल पुठ्ठ्याची लांबडी वही, आणि वहीमागं एक काका. ते भावोजींचे कुठलेसे मामा. आयुष्यभर एका सोसायटीत हिशेब लिहिलेला माणूस. उजव्या हातात पेन आणि डाव्या हातात माइक, कारण पुकारा करणारा आलाच नव्हता. वहीत चार रकाने: नाव, गाव, वस्तू, रक्कम. चारी रकाने भरल्याशिवाय माणूस आत जायचा नाही. भरले की माइकवरून "कंग्राळीच्या पाहुण्यांकडून मिक्सर, एक नग!" आणि जेवणारी पंगत मान वर करून मिक्सरवाल्याला बघून घ्यायची.

"काय हाय ह्यात, अक्का?"

"पुस्तकं आहेत."

"कुठल्या सब्जेक्टची?"

"सब्जेक्ट नाही हो. गोष्टीची, कादंबरी असली."

पेन थांबलं. "पीयूसीला लावल्यात काय?" पीयूसी म्हणजे आमच्याकडची अकरावी-बारावी.

"नाही."

"मग सीईटीला?"

"नाही काका, नुसतं वाचायला."

"नुसतं," काका म्हणाले, आणि खिशातून ब्लेड काढून त्यांनी माझा चकचकीत कागद उभा चिरला. रॅपर फोडल्याबिगर रक्कम कशी कळणार? पहिलं निघालं ते 'वनवास'. काकांना अक्षर लावून मोठ्यानं वाचायची सवय. माइक चालूच होता.

"व-न-वा-स."

बुंदी वाढणारा पोरगा जागीच थांबला. होमापुढं बसलेल्या भटजींनी मान वळवली.

"अक्का, माणूस नव्या घरात जायलाय आणि तुम्ही वनवास देतासा व्हय?"

"तसलं नाही ओ ते. लंपन म्हणून एक मुलगा आहे. तो आईवडिलांपासून लांब, आजीआजोबांकडं राहतो..."

"म्हंजे घर सोडूनच गेलाय की!"

"आपल्या भागातलंच आहे, काका. लेखक बेळगावात वाढले. प्रकाश नारायण संत."

"संत? मग अभंग म्हणून लिहितो."

"संत आडनाव आहे. कवयित्री इंदिरा संत, त्यांचे चिरंजीव. खरं नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित."

काकांनी चष्मा वर केला. "खरं नाव निराळं? का? काय केलंतं?"

"काही केलं नव्हतं! कराडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे."

"मग भूगर्भाचं द्यायचं की! सायन्सला चाललं असतं."

माझ्यामागं प्रेशर कुकरचा खोका घेतलेले एक गृहस्थ उभे होते. खोक्याचा कोपरा माझ्या पाठीत रुतत होता. तरी मी चिकाटी धरली. १९९४ साली हे पुस्तक आलं, पुढं लंपनच्या पुस्तकांची मालिका झाली, २०२४ मध्ये लंपनवर वेब सिरीज आली, असं सगळं सांगून झालं. वेब सिरीज म्हटल्यावर काका जरा हलले. "मग ती बघंल की मोबाइलवर. पुस्तक कशाला?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. काकांनी तोवर दुसरं काढलं होतं.

"शाळा. अक्का, पोरीची शाळा सुटली की ओ. त्याचाच सत्कार हाय आज."

"हे नववीतल्या मुलांचं आहे. आणीबाणीच्या काळातलं."

"६२५ पैकी ५९० काढलेल्या पोरीला नववीचं देतासा?"

आता पंगतीतले लोकही ऐकायला लागले होते. एक आजी शेजारणीला सांगत होत्या, पोरगी नापास झाली वाटतं, परत नववीला बसवायलेत. मी तिसरं पुस्तक घाईघाईनं स्वतःच पुढं केलं. म्हटलं, हे तरी निर्विघ्न पार पडावं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ सालची.

"टिळकवाडी म्हाईत हाय, हिंदवाडी म्हाईत हाय. ही वाडी कुठं आली?"

"माणदेशात."

"एनए झालीय?"

मी देवाशपथ सांगते, हा प्रश्न त्यांनी गंभीरपणे विचारला. प्लॉट, गुंठा आणि एनए, म्हणजे जमीन बिगरशेती झाली का, ह्यापलीकडं आमच्या गावात हल्ली बोलणं सरकतच नाही. मी म्हटलं, धनगरांची वस्ती आहे, एक तरुण मास्तर तिथल्या शाळेवर जातो.

"तिथंबी शाळाच?" काका प्रेमानं म्हणाले. "तुमाला शाळा लई आवडतीय बगा."

मग रक्कम. तिन्ही पुस्तकं पालथी घालून त्यांनी छापील किमतींची बेरीज केली आणि विचारलं, "डिस्काउंट किती पडला?" मी म्हटलं, सांगणार नाही. चौथा रकाना मोकळा राहिला. सोसायटीच्या माणसाला ते किती लागलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कुकरवाल्यांच्या बायकोनं तेवढ्यात मागून मान घातली, "आमच्या पोरालाबी सांगा की ओ काहीतरी वाचायला. इंग्लिश सुधारायचं हाय त्याचं." आणि मी तोंड उघडायच्या आत माइक कडाडला, "शहापूरच्या अक्कांकडून वह्या-पुस्तकं, तीन नग!"

"वह्या कुठं आहेत ह्यात?"

काकांनी माइकवर हात ठेवला. "वनवास वनवास दोनदा कसं म्हणू? भटजी उठून गेले तर तुम्ही सांगणार काय वास्तुशांत?" मग त्यांनी 'वनवास' तेवढं वेगळं काढून आपल्या पिशवीत टाकलं. सव्वा महिना ते घरात न्यायचं नाही. नंतर बघू.

ह्या 'काहीतरी चांगलं सुचवा'चा मला आता खरंच वैताग आलाय. पोरांच्या वाचनाची काळजी करणारी माणसं भेटतात ती लग्नात, बारशात, डॉक्टरच्या बाकावर. त्यांच्या अटी काय असतात? पुस्तक जाड पाहिजे, म्हणजे पैसे वसूल. त्यात प्रेमबीम नको. शेवटी काहीतरी बोध पाहिजे. वाचल्यावर मार्क वाढले पाहिजेत, इंग्लिश सुधारलं पाहिजे आणि पोरानं मोबाइल आपणहून आणून आईच्या हातात दिला पाहिजे. एवढं सगळं करणारं पुस्तक असतं तर मी ते आधी आमच्या घरातल्या मोठ्यांना दिलं असतं.

आणि नावं सुचवायची म्हटलं की ठरलेली दोन. एक 'मृत्युंजय'. १९६७ पासून आजतागायत गाजतंय, मीही एका मे महिन्यात पालथं पडून वाचलंय. पण पंधरा वर्षांच्या पोराला ते लोक कर्णासाठी देत नाहीत, पानांसाठी देतात. दुसरं 'श्यामची आई'. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आमच्याकडं ते पोरांना शिक्षा म्हणूनच दिलं जातं. वक्तृत्वात दुसरा नंबर आला, घे श्यामची आई. उलट बोललास, वाच श्यामची आई. बेचाळीस रात्रींचं पुस्तक आहे ते. पहिल्याच रात्री पोरगं धसका घेतं, त्यात बिचाऱ्या गुरुजींचा काय दोष?

वाचणाऱ्याला कुणी विचारतच नाही. पंगतीत भाची माझ्या शेजारी येऊन बसली, पापड मोडत हळूच म्हणाली, "मावशी, तीनमधल्या कशात लव्ह स्टोरी आहे?" मी म्हटलं, 'शाळा'. "ओके," म्हणाली आणि उठून गेली. अख्ख्या दिवसात शहाणा प्रश्न तेवढा एक. मिलिंद बोकिलांनी ते २००४ साली लिहिलं. नववीतला मुकुंद जोशी, त्याला आवडणारी शिरोडकर, मास्तरांना फसवून केलेले उद्योग, आणि मोठ्या माणसांना आपल्यातलं काही म्हणजे काही कळत नाही ही त्या वयातली खात्री. दहावी झालेल्या मुलीला ह्याहून जवळचं काय देणार? हीच मुलगी रात्री दोन दोन वाजेपर्यंत मोबाइलवर इंग्रजी गोष्टी वाचते, शेकडो भागांच्या. तिची आई त्याला 'मोबाइल' म्हणते. वाचन म्हणत नाही, कारण त्यात पुठ्ठा नाही.

माझी खरी पंचाईत वेगळीच होती. ह्या पोरीची पहिली भाषा इंग्रजी, दुसरी कन्नड, तिसरी हिंदी. मराठी ती आजीशी बोलते, भावाशी भांडते, आणि वाचायची वेळ आली की ओळीखाली बोट ठेवते. तिला 'मृत्युंजय' दिलं की मराठी वाचन कायमचं बंद. लंपन म्हणूनच घेतला होता. आमच्याकडं घराघरांत चालतं ते कानडी वळणाचं मराठी तिथं छापलेलं आहे, कुणी ते शुद्ध करायला गेलेलं नाही. आपण बोलतो तसं पुस्तकात असू शकतं हे तिला एकदा दिसलं असतं तर बोट ओळीखालून निघालं असतं, असा आपला माझा हिशेब.

चौथं पुस्तकही मनात होतं. ती कन्नड झरझर वाचते, मग पूर्णचंद्र तेजस्वींचं 'कर्वालो' मूळ कन्नडमधूनच का देऊ नये? पश्चिम घाटातल्या जंगलात उडणाऱ्या सरड्याच्या मागं लागलेल्या माणसांची गोष्ट. तो घाट खानापूरच्या पलीकडं सुरू होतो, म्हणजे आमचाच. हे मी आधी भावोजींना फोनवर विचारलं तर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आपल्या घरात कन्नड पुस्तक? लोक काय म्हणतील?" भावोजींचं दुकान, पावत्या, वकील, उधारी, सगळं कन्नडमध्ये चालतं. बरं, मराठीचं एवढं प्रेम म्हणावं तर नव्या घरात मराठी पुस्तक कुठं ठेवायचं ते विचारा. टीव्हीचं युनिट आहे, बुटांचं कपाट आहे, देवघराला लाइटिंग आहे. पुस्तकाला एक फळी नाही. बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, त्या १९५६ पासून आम्ही भाषेसाठी मोर्चे काढतोय, मार खातोय. कडोली, उचगाव, येळ्ळूर, गावोगाव साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी निघते, पालखीतल्या पुस्तकाला बायका कुंकू लावतात. ते सगळं मला आवडतं, मी पण फेटा बांधून जाते. पण पालखीतलं ते पुस्तक संध्याकाळी कुणी उघडतं का? शहरातल्या दुकानात मराठी कादंबरी मागितली की माणूस गाइडांच्या ढिगाकडं बघून म्हणतो, "ऑर्डर द्यावी लागंल." ही तिन्ही मी कोल्हापूरहून मागवली होती. मागवायचा खर्च काकांनी रकमेत धरला नाही, हे आता लक्षात आलं.

असो. मंगळवारी बहिणीचा फोन. मला वाटलं, पोरीनं वाचायला घेतलं म्हणून सांगेल.

"अगं, 'शाळा' मी माळ्यावर टाकलंय. मागच्या पानावर वाचलं. प्रेमाचं आहे म्हणे ते."

"पोरीला सांगितलंस का असं?"

"मग? चांगलं दम देऊन सांगितलं. हात लावायचा नाही म्हटलं."

मी काही बोलले नाही. आमच्या आईनं 'ययाति' पितळेच्या घागरींमागं ठेवलं होतं. खांडेकरांना त्यासाठी ज्ञानपीठ मिळालं होतं हे मला फार पुढं कळलं. तेव्हा फक्त घागरी कळल्या होत्या.

"आणि हे बघ," बहीण पुढं म्हणाली, "वहीत तुझ्या नावापुढं रक्कमच नाही. मामा दोन दिवस बेरीज करायलेत, टॅली होईना. उद्या तुझ्याकडं कार्य निघालं तर आम्ही किती करायचं? आकडा सांग."

"पाचशे एक लिही."

"एवढं? वह्यांना?"

मी फोन ठेवला आणि काकांना लावला. 'वनवास' तरी परत मिळवावं म्हटलं. सव्वा महिना कुणी न वाचता ते पिशवीत ठेवायचं तर मीच वाचते.

"अक्का, काळजी करू नकासा," काका म्हणाले. "पुस्तक सेफ हाय. घरात न्हाई घेतलं, आमच्यातबी नको वनवास. स्कूटरच्या डिक्कीत ठेवलंय."

"डिक्कीत? काल केवढा वळीव झाला!"

"वर रेनकोट ठेवलाय की घडी घालून."

"वाळवून ठेवलाय ना?"

पलीकडं जरा शांतता. मग स्कूटरच्या किल्ल्यांचा आवाज आला. "थांबा, बघून सांगतो."