शहापूर ते ठाणे हे अंतर कोणी कापायचं?

पावसाळा सुरू झाला की आमच्या ठाण्याच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर ती बातमी येतेच. शहापूर नाहीतर मुरबाडकडचा एखादा पाडा, रस्ता नाही, आणि कळा सुरू झालेल्या बाईला झोळीत घालून माणसं चिखलातून मेन रोडपर्यंत आणतायत. मग चर्चा पेटते. मामेभाऊ म्हणतो डॉक्टर खेड्यात जातच नाहीत, ग्रामीण सेवेचा बाँड न पाळणाऱ्यांची डिग्रीच काढून घ्या. काका म्हणतात ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या जागी 900 खाटांचं नवीन हॉस्पिटल होतंय ना, ते झालं की सगळं सुटेल. आणि शेवटी कोणीतरी मला टॅग करून लिहितं, तुमच्याकडे बरंय गं, डॉक्टर विमानाने येतो.

मी केर्न्सला असते, ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाकडे, क्वीन्सलंडमध्ये. सोनोग्राफी करते. केप यॉर्क म्हणजे आणखी उत्तरेकडच्या भागातल्या लांब लांब वस्त्यांमधून आलेल्या बायका माझ्याकडे रोज असतात, त्यामुळे यावर मला खरंच बोलायचंय आणि ते ग्रुपवरच्या दोन ओळीत मावत नाही.

विमानाचं खरंय. फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस 1928 ला क्लॉनकरी नावाच्या गावातून सुरू झाली आणि आजही जोरात चालू आहे. पण म्हणून इथे गावोगावी डॉक्टर आहेत असं समजू नका. मेडिकलच्या काही सीट्सना इथेही बाँड आहे, 3 वर्षं ग्रामीण भागात काम करायचं, तरी लांबच्या गावात डॉक्टर टिकत नाहीत आणि कित्येक छोट्या हॉस्पिटलांमधल्या डिलिव्हऱ्या बंद झाल्या. म्हणजे इतका पैसा असलेल्या देशालाही हे जमलेलं नाही. आपल्याकडे एमबीबीएसला 1 वर्षाचा बाँड आणि तो मोडला तर 10 लाख, त्यावर आपण इतकी वर्षं भांडतोय, पण नाराजीने आलेला पोरगा वर्ष मोजत बसणार आणि जाणार, त्याने पाड्यावरच्या बाईला काय मिळणार?

फरक दुसरीकडे आहे. इथे गरोदर बाईला साधारण 36 आठवडे झाले की तिला शहरात आणून ठेवतात, प्रवासाचा खर्च सरकार उचलतं, राहायची सोय हॉस्पिटलजवळ. परवा एक जण टेबलवर झोपून सारखी विचारत होती की बाळ कधी येईल, कारण मोठी दोन पोरं आईकडे सोडून आली होती आणि त्यातल्या एकाला ताप होता. तिच्या फाइलमध्ये परतीच्या प्रवासाचा कागद आधीच लावलेला होता. तो कागद बघून मला शहापूरच आठवलं. इमर्जन्सी असेल तरी तसंच, गावातली नर्स एका नंबरवर फोन करते, तिकडून डॉक्टर तिच्याशी बोलतो, बेड कुठे आहे ते बघतो आणि मग विमान निघतं.

आपल्याकडे काय होतं? पीएचसीतून, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी, "पुढे न्या." शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून चिठ्ठी, "ठाण्याला न्या." ठाण्यात खाट नसेल तर मुंबई. प्रत्येक ठिकाणी गाडी शोधायची घरच्यांनी, पैसे उसने घ्यायचे घरच्यांनी, आणि पुढच्या हॉस्पिटलला काही कळवलेलंच नसतं. 108 ची ॲम्ब्युलन्स आहे, 2014 पासून आहे, आणि तिने भरपूर जीव वाचवलेत, पण गाडी नेऊन सोडते, आत जागा आहे का ते आधी कोण विचारणार? ऑगस्ट 2023 मध्ये ठाण्यातल्याच कळव्याच्या हॉस्पिटलमध्ये 24 तासांत 18 पेशंट दगावले तेव्हा प्रशासनाने सांगितलं की त्यातले बरेच शेवटच्या अवस्थेत आले होते. मान्य. पण त्या अवस्थेपर्यंत ती माणसं कुठे कुठे फिरत होती, हे कोणीतरी शोधायला हवं होतं ना.

इथलं सगळं छान आहे असं अजिबात नाही. त्या बायका आठवडेच्या आठवडे एकट्या राहतात, रडतात, काही जणी तर मुद्दाम उशिरा येतात. आणि इथल्या मूळ रहिवाशांचं सरासरी आयुष्य बाकीच्यांपेक्षा अजूनही 8 वर्षांहून जास्त कमी आहे, ही लाजिरवाणीच गोष्ट आहे. फक्त, अंतर ही पेशंटची जबाबदारी नाही, यंत्रणेची आहे, एवढं इथे सरकारने कागदावर तरी मान्य केलंय.

आणि गंमत नाही, राग येतो, की यातलं बरंचसं आपल्याकडे आधीपासून आहे. माहेरघर योजना घ्या, आदिवासी भागात पीएचसीच्या आवारातच खोली, बाईने तारखेच्या आधी काही दिवस येऊन राहायचं. कल्पना तीच. पण बाई येऊन राहिली तर तिची मजुरी बुडते, घरी लहान पोरं आणि म्हातारी, सोबत कोण येणार, त्यांच्या जेवणाचं काय, हे सगळं नीट सोडवलं तरच ती येईल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी केले, 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं, आशा ताईंची आजची घरभेट त्यातूनच आली. त्याच आशा ताईंना मानधनासाठी आझाद मैदानात बसावं लागतं! पाड्यापाड्यावर फिरणाऱ्या भरारी पथकातले मानसेवी, म्हणजे फक्त मानधनावरचे, डॉक्टर वर्षानुवर्षं आदिवासी भागात काम करतात, बीएएमएस म्हणजे आयुर्वेदाची डिग्री घेतलेले असतात, त्यांना कायम करा म्हटलं की फाइल हलत नाही. जे राहायला तयार आहेत त्यांना टिकवायचं नाही आणि जे तयार नाहीत त्यांच्यामागे दंडुका घेऊन लागायचं.

नवीन सिव्हिल हवंच, काकांशी माझं भांडण नाही. पण त्या इमारतीत एक खोली अशी हवी जिथे चोवीस तास डॉक्टर फोनवर असेल, कसाऱ्याच्या किंवा मुरबाडच्या नर्सने फोन केला की तो खाट नक्की करेल, गाडी पाठवेल आणि पेशंट परत घरी पोचेपर्यंत ती केस त्याच्या नावावर राहील. भातसा धरणाचं पाणी शहापुरातून ठाण्या-मुंबईच्या नळाला रोज बिनचूक येतं, म्हणजे मनात आणलं की एवढं अंतर आपल्याला जमतं. त्या खोलीसाठी वेगळं बजेट आणि माणसं मंजूर आहेत का, हे तिथल्या आमदार-खासदारांना विचारा, मी इथून मेल टाकलाच आहे पण मतदार तुम्ही आहात.