रस्ता फुकट तर बिल्डिंगमध्ये कोण जाईल भो

बातमीत म्हटलंय मनपाच्या पार्किंग बिल्डिंगला सरसकट तासाला २० रुपये लावा म्हणजे खर्च निघेल. कसा निघेल भो, खाली सुभाष चौकात रस्त्यावर फुकटात गाडी लागते तर तिसऱ्या मजल्यावर कोण चढवेल? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत २०११ ला एसएफपार्क नावाची पार्किंग दराची योजना सुरू केली, तिथं रस्त्यावरच्या जागा ६० ते ८० टक्केच भरलेल्या राहाव्यात असा हिशोब, गर्दीच्या ठिकाणी दर चढवायचा, रिकाम्या ठिकाणी उतरवायचा आणि पालिकेच्या गॅरेजचे दरही त्यातच धरलेले. म्हणजे आधी रस्त्याला दर लावा, तोही बिल्डिंगपेक्षा जास्त, लग्नसराईत सराफ बाजाराकडे अजून जास्त, दुपारी उन्हात सगळं सामसूम असतं तेव्हा कमी करा ना. आणि खरी जागा गिऱ्हाईक नाही अडवत, दुकानवाले अन त्यांची पोरं सकाळी शटर उघडताना गाडी लावतात ती रात्रीच हलते, त्यांना वरच्या मजल्याचा स्वस्त मंथली पास द्या. पावती मात्र मशीनचीच पाहिजे बरं का, नाहीतर पुस्तक घेऊन उभा असलेला पोऱ्या सुट्टे नाहीत म्हणून दहाचे वीस घेतो आणि पावतीवर तारीख पण टाकत नाही.